सत्तावीस नंबरची गाठ

रात्रीचे साडेअकरा. फतेगंजच्या बाजूला कुणीतरी
स्कूटरला किक मारतंय, लागत नाही.
डार्करूममध्ये ओली फिल्म धरून मी उभी.
पहिल्या रांगेत, सतराच्या खुणेजवळ, एक काळी रेघ,
ठसठशीत, काजळाचं बोट ओढल्यासारखी.

म्हणजे गाठ आहे.
हिस्टोनच्या शेपटीवर, सत्ताविसाव्या लायसिनवर
तीन मिथाइल, एकाला एक चिकटून,
आणि तिथं गुंडाळलेलं एक जनुक गप्प,
ज्याचं काम एवढंच होतं:
पेशीला म्हणायचं, पुरे आता.

तुटलंय का ते? हेतल विचारते.
नाही गं. दोनदा वाचून घेतलं,
काना हरवला नाही की वेलांटी.
नुसतं तिथवर वाचायला कुणी पोचत नाही.

हे मी आधी पाहिलंय.

अण्णा कोठी कचेरीच्या दप्तरखान्यात होते.
मोडी कागद, लाल रुमालांत बांधलेले,
रुमालावर चिठ्ठी, चिठ्ठीवर सन, परगणा, विषय.
शाळा सुटली की मी तिथं, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर,
वाळवीच्या औषधाचा वास नाकात.
काशीबेन परमार दर उन्हाळ्यात पादऱ्याहून यायच्या
दीड विघा जमिनीच्या एका कागदासाठी,
येताना माझ्यासाठी ओंजळभर रायणं.
अण्णा म्हणायचे, सापडत नाही हो बाई.
एकोणीस वर्षं.
मग एका पावसाळ्यात छत गळलं,
रुमाल सोडून कागद वाळत घातले,
तर 'बाद' चिठ्ठीच्या गठ्ठ्यात तो निघाला,
शाईसुद्धा उडालेली नव्हती.
कुणी जाळला नव्हता, खोडला नव्हता.
कुण्या कारकुनानं एका दुपारी, बहुधा जेवणाच्या घाईत,
चुकीच्या रुमालात घालून करकचून बांधला होता.
पुढच्या उन्हाळ्यात काशीबेन आल्या नाहीत.

ह्या एन्झाइमला मी कारकूनच म्हणते.
तसा तो दुष्ट नाही. गर्भात त्यानंच
डोळ्याच्या पेशीला सांगितलं,
यकृताची पानं तुझ्यासाठी नाहीत.
बांधाबांध केल्याशिवाय शरीर होत नाही.
पण इथं त्याच्या स्वतःच्याच घडणीत
एक अमिनो आम्ल बदललंय. एकच.
कागद शुद्ध आहे, हात बिघडलाय,
आणि तो हात थांबत नाही,
दिसेल त्या रुमालाला गाठ, गाठीवर गाठ.

औषध त्या हातात जाऊन बसतं.
जुन्या गाठी ते सोडवत नाही हं,
फक्त नव्या मारू देत नाही.
पेशी दुभंगते, पुन्हा दुभंगते,
तशी जुनी गाठ विरत जाते, फुकटात.
म्हणून सहा दिवस. म्हणून मी शनिवारीही इथं,
टिफिनमधली भाकरी कडक झालेली.

दुसरी रांग आता उजेडात धरते.
रेघ जवळजवळ नाही. श्वासाची वाफ काचेवर राहावी, तेवढीच.
आणि जनुक बोललं. घोगरं, पण बोललं.
बऱ्याच पेशी थबकल्या.
बाटलीच्या एका कडेला मात्र एक झुबका
वाढतोच आहे, कशाचंच ऐकत नाही.
तिथं दुसरा कुणी कारकून असेल. मला माहीत नाही.

काल दांडिया बाजारच्या घरी अण्णांना हे सांगितलं.
नव्वदीला टेकलेत, एकाच कानानं ऐकतात.
सगळं ऐकून म्हणाले,
कागद सापडला ते ठीक.
बाईंना कळवलंस का?

बाटलीवर नाव नाही.
गोत्रीच्या दवाखान्याचा शिक्का, एक आकडा,
स्त्री, एकेचाळीस, आणि मागल्या फेब्रुवारीची तारीख.

दारात किल्ल्यांचा आवाज.
बेन, ताळुं मारूं? रमणभाई विचारतात.
दहा मिनिटं, म्हटलं,
आणि तो आकडा हातावर उतरवून घेतला.