कच्ची शिवण

हालोझेच्या टेकड्यांत सपाट जागा म्हणाल तर
चर्चसमोरचं अंगण. तेही जेमतेम.
वसंतातल्या एका रविवारी सगळे ट्रॅक्टर तिथे येतात,
बोनेटवर कागदी फुलं, दिवे पुसलेले,
आणि फादर सिल्वेस्तर ओल्या कुंचल्यानं
एकेकाच्या कपाळी पाणी शिंपडत जातात.

त्यांच्या आधी मी जाते.
हे काम मला कुणी दिलेलं नाही.
मागच्या बाजूला, जिथे कुणी फुलं बांधत नाही,
तिथे गुडघे टेकून
पीटीओच्या शाफ्टवरचं पिवळं कव्हर चाचपते.
फुटलेलं निघालं तर नुसती मान हलवते.
फादर पुढच्या ट्रॅक्टरकडे वळतात.
यंदा ड्रागोचा थोरला चिडला.
देवाचं पाणीसुद्धा तुला विचारून का, म्हणाला.
मी म्हटलं, पाणी देवाचं रे.
शाफ्ट तुझा.

माझे वडील लाकडं फोडत होते.
ऑक्टोबर सरत आलेला, मळ्यातली द्राक्षं उतरलेली,
यंत्र ट्रॅक्टरला जोडलेलं, इंजिन चालू.
हातमोजा खाली पडला म्हणून वाकले.
एवढंच.
शाफ्ट मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेतो,
म्हणजे "अगं" म्हणेपर्यंत नऊ.
त्यांनी "अगं"सुद्धा म्हटलं नाही.

अंगात आजोबांचं रेल्वेतलं जाकीट होतं,
अस्तर कुजलेलं, कोपरं विरलेली.
आई वर्षभर म्हणत होती, जाळून टाका.
त्याची उजवी बाही तिनं आदल्या रविवारी
नुसती धावदोऱ्यानं टाचून दिली होती,
पांढऱ्या दोऱ्यानं, सवडीनं पक्की शिवू म्हणून.

आई सूप घेऊन बाहेर आली तर
बाही शाफ्टवर गरगरत होती, फटफट आवाज करत,
आणि माणूस बाजूला उभा,
एक हात उघडा, खांद्यापासून काळानिळा,
बाहीकडे बघतोय,
जणू ओळखीचं कुणी नाचतंय.

तिनं आधी इंजिन बंद केलं.
मग सूप खाली ठेवलं.
मग त्यांच्या थोबाडीत मारली.

लोक समजूत घालायला आले,
काळ आला होता पण वेळ आली नव्हती, अशा थाटात.
आई म्हणाली, काळ आला होता, वेळही आली होती.
शिवण कच्ची होती.

तेव्हापासून आमच्याकडे कामाचे कपडे
कुणी पक्के शिवत नाही.
इंजिन बंद केल्यावर किल्ली खिशात,
खिशावर हात,
आणि शाफ्ट पुरता थांबेपर्यंत
जागचं हलायचं नाही. डोळ्यांनी बघायचं.
कान फसवतात.

ड्रागोनं मागची लोखंडी कमान पाडली होती,
अक्रोडाच्या फांदीखालून जाता यावं म्हणून.
पलीकडे गेल्यावर उभी करायची राहिली.
उतारावर गवत ओलं होतं.
अक्रोड अजून फळतो. त्याची बायको पिशवी भरून पाठवते,
आणि मी ते फोडत बसते, कारण परत कसे पाठवणार?

म्हणून भाच्याला चढावर नेण्याआधी
मी त्याच्याकडून ब्रेकची दोन्ही पेडलं
खटक्यानं एकत्र जोडून घेते,
कमान वर, पट्टा कमरेला.
टिलेन अठराचा आहे. सगळं ऐकतो,
फक्त उसासा टाकून.

आज नवं जाकीट घालून आला.
हिरवंगार. पाणी शिरत नाही म्हणे, वारा शिरत नाही,
टोपीला दोन लांब नाड्या,
हातभर लोंबणाऱ्या.
बघ ना आत्या, ओढून बघ,
जन्मात तुटायची नाही.

मी ओढून बघितली.
खरंच चिवट होती.
म्हटलं, आत ये जरा,
आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून
कात्री काढली.