नो क्लेम

ईरण्णा मुगळखोडनं कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.
"अक्का, नोडरी, ह्याच्या खाली कोणच देणार नाही."
आकडा बघितला. पन्नास ब्लाउज.
साधे. अस्तराचे धरले तर तीस.

खडेबाजारात हा तिसरा.
पहिल्यानं विचारलं, गाडी चालवणार कोण?
मी, म्हटलं.
त्यानं माझ्या मागं दाराकडं बघितलं,
कोणतरी अजून आत यायचं राहिलंय असं वाटून.
दुसऱ्यानं चहा दिला आणि दर दुप्पट सांगितला.
मोबाईलवर भाचीनं बघितलं, तिथं जन्मसाल खाली ओढत न्यायचं,
एकोणीसशे बहात्तर येईपर्यंत
तिचा अंगठा दुखला.

गाडी गडहिंग्लजची, एमएच शून्य नऊ.
पाच महिने कागद तिकडून सुटलेले, इकडं न पोचलेले,
आणि वडगावात माझ्या दुकानासमोर ती
झाकून उभी, जुन्या पडद्याच्या कापडानं.
गिऱ्हाइकं विचारायची, कुणाची ओ?
सांगायची, अजून ठरायचंय.

जुन्या मालकानं पाच वर्षं काही मागितलं नाही
म्हणून त्याला निम्मी सूट.
"मग ती गाडीबरोबर येत असेल की?"
"नाही अक्का. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही."
"आणि माझा?"
"तुमचं शून्य. तुम्ही नवीन."

मी नवीन.
एकोणतीस वर्षं शिलाई मशीन. कमरेची डावी बाजू त्याच्यातच गेली.
दिरानं शहापूरचं घर विकलं, मी सही केली.
बापानं सोनं भावाला दिलं, मी पेढे वाटले.
कशाकशावर क्लेम केला नाही
त्याची नोंद कुठल्या कंपनीत?
ह्या गावावर तर दोन्हीकडून क्लेम आहे,
माझ्या जन्माआधीपासूनचा.
फाईल जाडच होत चाललीय
आणि हप्ता आम्हीच भरूलोय.

ईरण्णाला हे सांगितलं नाही. तो चांगला माणूस,
हळू आवाजात म्हणाला, एक गोष्ट कमी करता येते.
मालकाच्या स्वतःच्या जिवाचं जे कवच असतं, ते
पक्कं लायसन्स येईपर्यंत तुम्हाला लागूच नाही,
मग त्याचे पैसे कशाला?
रस्त्यावरचा माणूस धरला, गाडी धरली,
काच, बंपर, आग, पूर.
मी तेवढी काढली.
त्रेचाळीस ब्लाउज झाले.
घे म्हटलं, लिही.

एल मीच केला. पांढऱ्या अस्तरावर
लाल पॉपलीनचा, कडेला दुमड घालून, झिगझॅग मारून.
पाट्यांवरनं इथं दगड उडालेले बघितलेत,
पण हे अक्षर कुठल्या भाषेचं
म्हणून कुणी थांबवलं नाही.
शेजारी मेहराज बसते. फॉल-पिको करते माझ्याकडं,
वय चोवीस, लायसन्स पक्कं.
दुकानात मी तिला ओरडते, गाडीत ती मला.
"काकी, क्लच! क्लच सोडूलायसा!"

कपिलेश्वर पुलाच्या उतरणीला, तिसऱ्या रविवारी,
वांग्याच्या हातगाडीला बंपर टेकला.
टेकला म्हणजे, सात-आठ वांगी खाली.
बंपरला नखाएवढा ओरखडा.
म्हातारा मराठीत सुरू झाला, मी कानडीत माफी मागितली,
मग दोघांनी उलटं केलं.
साठ रुपये दिले. फुटलेली वांगी त्यानं मलाच दिली, पिशवीत घालून.

ईरण्णाला फोन लावला, हात थरथरत होता.
तो म्हणाला, "एवढ्याला क्लेम करू नका अक्का,
वर्ष संपलं की तुमच्या नावावर वीस टक्के जमा होतील."

माझ्या नावावर.

मेहराज म्हणाली, हसताय काय, मागं बस हॉर्न मारूलीय.
मी पहिला गिअर टाकला.
बंद पडली.
परत टाकला.