धावदोरा

आता झेंडे छापून येतात, गठ्ठ्यानं, बोटीतून.
किंतेलेच्या नव्या स्टेडियमवर फडकतायत,
शेजारची प्रिस्का टीव्हीत दाखवते.
छान आहेत. उलट बाजूच नाही त्यांना.

आमच्या वेळी होती.
पासष्टचा जुलै, ब्राझाव्हिलचा कोरडा ऋतू,
आभाळ राखेचं,
नदीपलीकडचे दिवे रात्री पुसट.
समितीचा मिलांदू सायकलवरून आला, कानावर पेन्सिल.
म्हणाला, ओदील, तीसेक देश येतायत,
अख्ख्या खंडाचे पहिले खेळ,
तीन आठवडे आहेत. मशीन किती?
दोन, म्हटलं. एकीचा पाय मोडलाय.

तीस देश! त्यातले निम्मे
माझ्या धाकट्या पोराहून लहान.
हिरवा-पिवळा-लाल तर जो तो घेऊन बसलेला.
उभा की आडवा, आधी कोण, मग कोण,
तारेत लिहिलेलं नसायचं.
तारेत शब्दाला पैसे पडतात.

शाळांची बाकं उचलून खाटा मांडल्या.
मिलांदूची वही फुगत गेली:
कोण डुक्कर खात नाही, कुणाला फ्रेंच कळत नाही,
उंच उडीवाल्याचे पाय खाटेबाहेर येतात,
त्याला दोन खाटा, एकीपुढे एक.
खेळ म्हणजे शंभरात नव्वद गाद्या, तो म्हणायचा,
उरलेल्या दहा शिट्ट्या.

एका संध्याकाळी कैरोचे म्हातारे पंच, नस्सीफ,
कोटाचं बटण लावून घ्यायला आले.
दोरा ओवता ओवता ऐकलं मी:
एकोणतीस साली अलेक्झांड्रियात सगळं तयार होतं.
मैदान, पायऱ्या, चुन्याच्या रेघा.
हे तेव्हा विशीतले,
रोज पहाटे जाऊन त्या रेघेवर उभे राहायचे.
मग मालक लोकांना शंका आली,
आज एका रेघेवर उभे राहिले हे सगळे
तर उद्या एका रेघेत चालतील.
खेळ रद्द.
'रेघ मात्र पावसापर्यंत टिकली,' म्हणाले,
आणि बटण ओढून पाहिलं.
पक्कं होतं.

त्या रात्री मी प्रत्येक कडेला एक टीप जास्त मारली.

पाणी भरायला तिबुर्सियू यायचा,
काबिंदाहून पळून आलेला, तेरा-चौदाचा.
मावशी, आमचा कुठला?
यादी दोनदा वाचली.
तिथे अजून पोर्तुगीजांचाच होता,
तो काही मी शिवणार नव्हते.
पोर बोललं नाही. बादली ठेवली,
चिंध्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलला,
रंगही न बघता,
आणि खिशात घातला.

उद्घाटनाला जागा मिळाली खांबांच्या मागे.
धावणारे दिसले नाहीत. दिसली ती उलट बाजू:
माझ्या गाठी, माझी वाकडी शिवण,
एका निळ्यावर हिरवा दोरा, कारण निळा संपलेला.
आणि एक झेंडा चक्क उलटा शिवलाय
हेही तेव्हाच कळलं.
खाली त्या देशाचे आठ जण वर बघत उभे.
एकानं मान तिरकी केली. मग दुसऱ्यानं.
मग आठही हसायला लागले.
तक्रार आली नाही.
त्यांनाही अजून पाठ नसावा.

पक्कं शिवण्याआधी
कापडाला कापड धरून ठेवतो तो धावदोरा.
काम झालं की ओढून काढायचा.
घाईत माझ्याकडून बऱ्याच झेंड्यांत राहून गेला.

पन्नास वर्षं झाली.
तिबुर्सियूचं पुढे काय झालं, माहीत नाही.
टीव्हीत अंगोलाचा संघ येतो, लाल-काळा.
काबिंदाही त्यातच, म्हणतात.
मी उठून पडद्याला नाक लावते.
प्रिस्का ओरडते, मावशी, लांबून बघ ना!

लांबून टाके दिसत नाहीत, बाळा.