वीतभर खाली

धोरण चौदा पानांचं आहे.
मीच लिहिलंय, तीन आठवडे, रात्रीची भांडी आवरल्यावर.
त्यात 'ज्येष्ठ' एकतीस वेळा येतो,
'लवचिक' बावीस वेळा,
गुडघा एकदाही नाही.

स्टोकमधल्या लाँग्टनला आमचा कपबश्यांचा कारखाना.
वरून निरोप आला: पन्नाशीपुढची माणसं गळताहेत, थांबवा.
जणू नळ आहे तो,
आणि मी वॉशर.

पहिली आली जॅनिस टनिक्लिफ. वय चौसष्ट.
सतराव्या वर्षापासून कपांना कान लावते.
मी म्हटलं, आमच्या भाषेत याला कानच म्हणतात,
तर खोकला येईपर्यंत हसली.
"म्हणजे एवढे कान लावले मी या इमारतीत,
आणि ऐकलं कुणीच नाही?"

मी फॉर्म पुढे सरकवला.
आठवड्याला चार दिवस? तीन?
सकाळी उशिरा? नातवंडांसाठी रजा?
टप्प्याटप्प्याने निवृत्ती, हा चौकोन बघा.
ती चष्मा न लावता बघत राहिली.
काम आवडतं का, असाही एक प्रश्न होता.
"गॅसचं बिल आवडत नाही, डक," म्हणाली.
(इथे सगळ्यांनाच बदक म्हणतात, मायेनं.)
पेन्शन साठीला मिळायचं होतं.
मग सरकत सरकत सहासष्टला जाऊन बसलं,
बस सुटावी तसं, तिच्या डोळ्यांदेखत.
"पण नुसतं तेवढंच नाही हं.
घरी बसले तर या हातांचं करू काय?"

साठी बुद्धी नाठी,
ही म्हण मी तिला सांगितली नाही.
ज्याने केली त्याने
ओल्या मातीचा कान एका झटक्यात, डोळे दुसरीकडे ठेवून,
सरळ बसवून दाखवावा.

शेवटच्या चौकोनात 'इतर' लिहिलेलं असतं.
तिथे कुणी काही लिहीत नाही.
तिने बोट ठेवलं.
"मांडणी. ती वरची.
ओल्या कपांची फळी खांद्यावरून उचलून वर सरकवायची,
दिवसातून साठ वेळा.
एवढी खाली घ्या." आणि अंगठा-करंगळी ताणून दाखवली.
वीत.
माझी आजी कापड मोजायची तीच, अगदी तीच.

बस? मी विचारलं.
बस.
कधीपासून सांगायचं होतं?
तिने मनात मोजलं. "तीन मॅनेजरांपूर्वी."

रात्री मी बाबांना फोन लावला, कोपरगावला.
साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते,
अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून
ओट्यावर बसून राहिले होते.
अजूनही चहात घालण्याआधी साखर तळहातावर घेऊन बघतात.
म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलं असतं, काय हवं,
तर काय मागितलं असतं?
लाइनवर इतका वेळ शांतता
की मला वाटलं फोन कट झाला.
"एक उंच स्टूल," म्हणाले.
मग लगेच, "जाऊ दे. जेवलीस का?"

शुक्रवारी सुतार आला. एडन, एकवीस वर्षांचा.
ड्रिल, चार स्क्रू, पाऊण तास, त्यात एक बिस्किटाची सुट्टी.
जॅनिसने फळी सरकवली,
थांबली,
पुन्हा काढून पुन्हा सरकवली.
आभारबिभार काही नाही. "हं," एवढंच,
आणि कामाला लागली.
पलीकडची तेवीस वर्षांची शॅनन
कुणी न सांगता फळी घेऊन त्याच मांडणीकडे आली,
आपला खांदा चोळत.

धोरणाला मी पंधरावं पान जोडलेलं नाही.
कुठल्या शीर्षकाखाली घालणार?
भिंतीवर जुनी चार भोकं मात्र तशीच आहेत,
वीतभर वर.
एडन म्हणाला, बुजवू का?
नको, म्हटलं.