मांडणीचा कागद

सावद्याच्या स्टँडमागे, केळीच्या वखारीला लागून
आमचं दुकान : दहा बाय बारा.
रिठे, शिकेकाई, कडुलिंबाच्या फण्या,
केळखोडाच्या धाग्याच्या पिशव्या,
वाळल्या घोसाळ्यांच्या अंगघासण्या,
आणि दर महिन्याला सहाशे-सातशेचा तोटा,
जो कुठल्याच फळीवर मांडलेला नाही.

कोकिळा म्हणाली, आता सगळं नव्यानं करू.
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा मार्च फाडून
पाठकोऱ्या बाजूवर पट्टी न घेता
तिनं चौकोन काढला. जरा तिरका आला.
दुकानही तिरकंच आहे, मी म्हटलं, राहू दे.

इथे काउंटर. इथे आरसा.
आरसा काबरं?
फणी हातात घेतली की बाई आधी आरसा शोधते.
बरं. आरसा.

रंगावरून मात्र भांडणच झालं.
तिचा पुण्याचा भाचा म्हणतो, हिरवा.
सगळे हिरवाच लावतात, वर एक पान.
मी दाराबाहेर बोट केलं :
मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर.
वखारीपुढे टाकलेली केळीची पानं
तपकिरी, कडांनी फाटून दोऱ्या झालेली.
सातपुडा तर दुपारचा दिसतच नाही,
धुरळ्यात विरघळून बसतो.
यात हिरवा आणायचा कुठून?
डब्यातून, कोकिळा म्हणाली.
डबा उघडला.
वास थेट डोळ्यांत गेला.
डबा झाकला.

आणि पाटीबद्दल तर बोलायची सोय नाही.
‘मातीशी नातं’, सात बाय तीनचं फ्लेक्स!
पुरलं तर माती कंटाळेल, ते कुजणार नाही.
इतकी उन्हं खाऊन त्यातलं ‘मातीशी’ फिकटलं,
‘नातं’ अजून ठणठणीत.

इस्माईल पेंटरला विचारलं, ब्रश आहेत का अजून?
“आहेत ना. पन केस झडले. त्यांचेबी नि माझेबी.”
पत्र्यावर लिहून देईन म्हणाला,
अक्षराला साठ रुपये, मात्रा-वेलांटी फुकट.
मग आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो.
पर्यावरणस्नेही : सात अक्षरं, चारशे वीस.
कोकिळा हसली. खोडलं.
जीवनशैली : पाच. तीनशे.
कोणाची, मी विचारलं. खोडलं.
शेवटी उरलं ते एवढं :
रिठे मिळतील.

बुधवारी हुनारीबाई पावरा आली, पालच्या एसटीनं,
डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात रिठे आणि चारोळी.
पायरीवर टेकली, पाणी प्यायली,
कागद उलटासुलटा करून पाहिला.
हे काय?
दुकान.
मग मी कुठं?

कागदावर काउंटर होतं, आरसा होता,
साबणाचा कोनाडा होता,
झाडू उभी करायचीसुद्धा जागा होती.
कोकिळानं घाईनं आत, फळीखाली एक चौकट ओढली.
इथे बस ना, गादी टाकू.
हुनारीबाईनं मान हलवली.
“आत नको. आत उकडतं.
एसटी दिसत नाही आतून.
पायरी रुंद करा.”
आणि रिठ्यांचा भाव किलोमागे दहानं वाढवून मागितला.
गेल्या दिवाळीपासून मनात होतं म्हणे,
पण आमचं चाललेलं बघून बोलली नव्हती.

तर आता पायरी रुंद होते आहे.
गवंडी दोन दिवस म्हणाला, आज पाचवा.
भाच्यानं पान पाठवलंय, हिरवं, देखणं,
ते कुठे लावायचं ते ठरलेलं नाही.
भिंतींना चुना. आरसा उधारीवर.
तोट्याचं काय करायचं
हे मार्चच्या पाठीवर मावलं नाही,
एप्रिल फाडावा लागेल.

फ्लेक्स कोकिळाच्या आईनं नेलं.
गच्चीवर पसरून त्यावर बिबडे घातले.
संध्याकाळी एकेक उचलताना
खालून एकेक अक्षर निघत गेलं.
‘ना’ मात्र एका बिबड्याला चिकटून आला.
आईनं नखानं खरवडून पाहिलं,
वास घेतला.
“शाई हाये ही,” म्हणाली,
“हा गायीलेबी नको टाकू.”