कोपऱ्यावरची गाठ

एक जुलैच्या आदल्या रात्री
सेलिस्तीन मावशी रुमालांना खळ घालते.
कसाव्याची खळ, दाट,
बोटांना चिकटून राहणारी, जुन्या देण्यासारखी.

पारामारिबोत सगळ्यांना ठाऊक आहे:
डोईवरच्या अंगिसाची घडी बोलते.
मालकाच्या अंगणात तोंड उघडायची सोय नव्हती
तेव्हा बायका कापडाच्या टोकांनी बोलायच्या.
टोकं मोकळी सोडली, तर
बोलू देत त्यांना काय बोलायचंय ते.
एकच टोक मागे, जरा कलतं,
तर कोपऱ्यावर थांब, मी येतेय.

"माझ्या पणजीच्या आईची ही घडी."
मावशीच्या तोंडात टाचण्या,
शब्द त्यांतून गाळून येतात.
"किल्ल्यावरून तोफा झाल्या. साखळी तुटली म्हणाले.
दुसऱ्या दिवशी घंटा तीच, ऊस तोच.
अजून दहा वर्षं, म्हणाले, करारावर.
स्वातंत्र्य आलं गं, पण पायी आलं,
वाटेत ठिकठिकाणी जेवायला थांबत."

मी इस्त्री फिरवत राहिले.
ती दहा वर्षं सरली त्याच साली
माझा खापरपणजा कलकत्त्याहून जहाजानं इथे उतरला.
तिनं खाली ठेवलेला कोयता
त्याच्या हातात दिला असेल कुणीतरी.
मूठ अजून गरम असेल.
पन्नास वर्षांचा आमचा शेजार,
मिरच्यांची देवघेव,
आणि हे आम्ही कधी बोललो नव्हतो.

सकाळी मिरवणूक गावात निघाली.
मावशी उलटी वळली, नदीकडे,
कोळंबीच्या कारखान्याकडे.
तिथे हैतीची रोझलॉर,
बर्फात बोटं सुजलेली,
पासपोर्ट चौदा महिने मुकादमाच्या खणात.
"सांभाळायला ठेवलाय," तो म्हणतो.

फाटकापाशी आम्ही अकरा जणी.
मासे विकणारी जावानी तुगिनेम,
तिची बोलायला लाजणारी सून,
मी, ओढणीवरच रुमाल बांधलेली, वाकडा.
घोषणा कुणीच दिली नाही.

मुकादमाला घडी वाचता येत नव्हती.
"काय पाहिजे?"
मावशीनं डोक्यामागे हात नेऊन
टोक नीट केलं.
"आत तिला सांग, आम्ही कोपऱ्यावर आहोत.
आणि तू खण उघड.
गाठ आमच्याशी आहे."

खण उघडायला दुपार झाली.
ऊन चढत गेलं,
घामानं पदर, बाह्या, सगळं लोळागोळा झालं.
खळ मात्र
धरून होती.