इतिवृत्तात न घेतलेलं

मंगळवार, सायंकाळी साडेसात. उपस्थिती : सोळा चौकोन.
पैकी तीन काळे, एकात छताचा पंखा,
एकात अध्यक्षांचं कपाळ, भुवयांपर्यंत.
‘माझा आवाज येतोय का?’
असं सगळ्यांनी सगळ्यांना विचारून झालं
की आमची सभा सुरू होते.

गावभागातला हॉल पुरात गेला,
तिथं जायची सवय नंतर साथीत.
घंटा तेवढी अध्यक्षांच्या घरी आहे, हातोडी वाहून गेली,
ते चमच्यानं वाजवतात.

मी सचिव. माझी वाक्यं आधीच तयार असतात :
सर्वानुमते ठरले. टाळ्यांच्या गजरात
(टाळ्या म्हणजे पडद्यावर उगवणारे पिवळे हात).

विषय एक. कवलापूरच्या शाळेत हात धुवायचे नळ.
नळ बसले. फोटो निघाले. पाणी
पुढच्या महिन्यात येईल, म्हणाले मगदूम.
मागच्या महिन्यातही ते असंच म्हणाले होते,
तेव्हाचं वाक्य खाली उतरवून घेतलं.

विषय दोन. हळदीच्या पेठेतल्या हमालांना चष्मे, नग एकशे चौदा.
कोळेकर बघून आले, पेठेत एकाच्याही डोळ्यांवर नाही.
‘पोती उचलताना काचेवर हळद बसती, सायेब.
घरी घालतो की. पोरीची वही बघायला.’
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.

विषय तीन. रुग्णसाहित्य केंद्र.
वॉकर सात, चाकाच्या खुर्च्या चार, कॉट पाच.
मुदत तीन महिने, अनामत एक हजार.
नियम खजिनदार आवटींचा :
‘वस्तू फार दिवस राहिली ना, की घरचीच होऊन बसते.’

जावेद मुजावर नवा आहे, त्यानं विचारलं :
मिरजेत एक सतार करणारे आहेत, मणक्याचं ऑपरेशन झालंय,
गुरुवारी घरी सोडतायत, कॉट हवी.
यादीत तीन नंबरची चौदा महिने बाहेर दिसतेय.
कुणाकडे आहे?

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.
कपाळ खाली सरकलं, अध्यक्षांचे डोळे दिसले.

काळ्या चौकोनांपैकी एकावर पांढऱ्या अक्षरांत
नेमिनाथ आवटी असं असतं.
वर्ष झालं, दर मंगळवारी असतं.
गणपूर्तीला एक कमी पडला तर मी ते धरतो.
पलीकडे त्रिशलाकाकू आहेत हे ठाऊक सगळ्यांना,
विचारलं कुणीच नाही.

त्या चौकोनातला माइक उघडला.
आधी घड्याळाची टिकटिक आली, मग त्या.
‘आमच्याकडे आहे.
डोक्याकडचा खटका अडकतो जरा, तेल घातलंय मी.
गुरुवारी पाठवा टेम्पो. दुपारनंतर पाठवा,
सकाळी चादरी धुवायच्यात.’
थोड्या वेळानं, ‘मीच झोपत होते तिच्यावर.’

पिवळे हात कुणीच वर केले नाहीत.
जावेद म्हणाला, काकू, मी स्वतः येतो.

‘आणि हे नाव कसं बदलायचं, ते सांगा कुणीतरी.’
एकदम सगळे बोलायला लागले,
वर उजवीकडे तीन टिंबं, नाही हो, खाली, त्यांच्याकडे टॅब आहे,
आधी दाबून धरा, सोडा, आता पुसा.
त्या मागून पुसत आल्या असणार.
पडद्यावर आवटी गेलं
आणि नुसतं नेमिनाथ राहिलं,
जे उखाणा सोडला तर
त्यांच्या तोंडून कधी निघालं नसेल.

‘असू दे आज,’ काकू म्हणाल्या.
माइक बंद झाला.

अध्यक्ष घंटा वाजवायची विसरले.
मगदूम मात्र बोलत राहिले बराच वेळ,
त्यांचा आवाज बंद आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मी लिहिलं : तीन नंबरची कॉट परत येत आहे.
अनामत रुपये एक हजार परत देणे.
जुनी पावती काढून बघितली.
देणाराची सही आवटींची, घेणाराचीही त्यांचीच,
दोन्हीकडे तेच वळण,
खाली तारीख,
आणि कंसात, बारीक अक्षरात : मुदतीत परत करणे.